बहिरा म्हणायचं नाही

१३ जानेवारी १९९७, सोमवार

आजपासून मी बहिरा नाही. तसा कागद नोटीस बोर्डावर लागलाय.

डावीकडे बंद केलेले शब्द, उजवीकडे नवे. बहिरा – श्रवणबाधित. लंगडा – चालण्यास अडचण असलेला सहकारी. काळ्या, जाड्या, बुटक्या, टकल्या – यांना नवं काही नाही, नुसती काट. खाली सही नवीन पर्सोनेल ऑफिसरची. इंद्रजित साहेब म्हणून आहेत, पुण्याहून आलेत, वय फार तर अठ्ठावीस. मार्चमध्ये परदेशातलं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार आहे. त्याआधी सगळ्यांच्या जिभा धुऊन घ्यायच्या, असं दिसतं.

आमच्या सुपरवायझरला आम्ही तोंडावर कधी टकल्या म्हटलं नव्हतं. आज त्याला कळलं.

घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं – श्रवणबाधित. ओठ हलतच नाहीत. मधे एकदा मिटतात, बस. 'बहिऱ्या' कसा, पहिल्याच अक्षराला ओठ मिटून उघडतात, प्रेस शॉपच्या त्या टोकाहून मला दिसतो. माझ्यासाठी काढलेला शब्द मलाच वाचता येत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. धनाजी डबीतून तिळगूळ घेऊन आला. "घ्या हौसेराव."

धनाजी माझ्या तालुक्याचा, कोरेगावकडचा. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या पत्रा ठोकायच्या प्रेसवर आहे. मला बहिऱ्या पहिल्यांदा त्यानेच म्हटलं. आज नावाने हाक, तीही अहोजाहो. मी विचारलं, "काय झालं रे?" त्याने बोर्डाकडे मान वळवली आणि पुढच्या माणसाकडे गेला.

वर्षातून एक दिवस गोड बोलायचं असतं. साहेबांनी ते बारमाही केलं.

१६ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये साहेबांचं भाषण झालं. मला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं. साहेबांना भरघोस मिशी, वरचा ओठ पूर्ण झाकलेला. त्यात फळ्यावर लिहीत लिहीत बोलायची सवय. श्रवणबाधित सहकाऱ्याशी कसं वागावं, हे त्यांनी अर्धा तास माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मला एक शब्द कळला नाही.

हात वर करून म्हणणार होतो, साहेब, तोंड इकडे करा. पण सगळे इतके आदबीने बसले होते की धीर झाला नाही. नंतर धनाजीने खूण केली – लई चांगलं बोलला तुझ्याबद्दल.

१८ जानेवारी

आमच्या शॉपात नवा माणूस आला तर त्याला वाटतं, इथे सगळे मुके कामाला ठेवलेत. वीस प्रेस एकदम पत्रा ठोकतात तेव्हा शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून सगळे हातांनी बोलतात. डाय, म्हणजे साचा, बदल. चहा आला. सुपरवायझर मागे आहे. तिथे मी कुणापेक्षा कमी नाही, उलट चार आणे जास्तच, कारण मला ओठही येतात. गेटाबाहेर पडून बसथांब्यावर उभा राहिलो की मी बहिरा होतो.

डावा कान पूर्ण गेलाय. कधी गेला ते सांगता येणार नाही. ८८ साली गावाला चुलत्यांनी डाव्या बाजूने बरीच हकीकत सांगितली आणि मी नुसताच बसून राहिलो, तेव्हा कळलं. उजव्याने अजून थोडं घोगरं घोगरं येतं.

२२ जानेवारी

धनाजीला मेमो मिळाला.

काल शिफ्ट संपायच्या वेळी प्रेस थांबल्या होत्या. मी डायचे बोल्ट सैल करत वाकलो होतो. मागून पत्र्याच्या गुंडाळ्यांची ट्रॉली येत होती, ढकलणाऱ्याला मी दिसत नव्हतो. धनाजीने धावत येऊन मला खांद्याला धरून बाजूला ओढलं. ट्रॉलीचं टोक माझ्या पँटला घासून गेलं. मग माझ्या तोंडासमोर येऊन तो म्हणाला, "मरतो का रं बहिऱ्या?" शॉप शांत, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. दारातून येणाऱ्या इंद्रजित साहेबांनाही.

मेमोत लिहिलंय – सहकाऱ्यास अपमानास्पद संबोधन. ओढून वाचवलं त्याबद्दल एक अक्षर नाही.

२३ जानेवारी

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, मेमो मागे घ्या. ते काहीतरी बोलले, मिशी हलली.

"साहेब, मला तुमचे ओठ दिसत नाहीत."

ते थांबले. मग कागद ओढून त्यावर लिहिलं – कुणी बहिऱ्या म्हटलं तर तुम्हाला राग येत नाही?

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर लगेच आलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

मी म्हटलं, "धनाजीने म्हटलं तर नाही येत. कुणी कुचेष्टेने म्हटलं तर ते तोंडावर दिसतंच. पण साहेब, बहिरा म्हणणारा माणूस तोंड माझ्याकडे करतो, सावकाश बोलतो. तुमचा कागद लागल्यापासून लोक माझ्याकडे बघतच नाहीत. चुकून जुना शब्द निघेल म्हणून बोलायचंच टाळतात. दहा दिवसांत मला कुणी हाक मारलेली नाही. परवा मारली, तर मेमो."

त्यांनी लिहिलं – मला हे कुणी सांगितलं नाही.

"तुम्ही फळ्याकडे तोंड करून होता."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. फाइलीतून मेमोची प्रत काढली, दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. धनाजीला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं." पण बहिऱ्या म्हणाला नाही.

२७ जानेवारी

इंद्रजित साहेबांनी मिशी काढली. सगळ्यांना वाटलं, घरात कुणी गेलं. कॅन्टीनवाल्याने तर विचारलंही.

४ फेब्रुवारी

आज एक गोष्ट झाली, ती मनातून जात नाही.

पॅकिंगमध्ये पुतळा म्हणून बाई आहे, गोठिवलीची, कारखान्याजवळच्याच आगरी गावातली. डाव्या पायात लहानपणीचा पोलिओ. कामाला आमच्यातल्या दोघांच्या बरोबरीची. सहा वर्षं मी रोज सकाळी तिथून जाताना म्हणतो, "काय लंगडे, झाली का सुरुवात?" आणि ती हसते. आज म्हटलं, "काय लंगडे, तुझं नाव तर बोर्डावर ओळभर लांब झालंय."

ती हसली नाही. खोक्याला पट्टी मारायचं थांबवलं. तिची बोली ओठांवर वाचायला मला दोन वर्षं लागली होती. आज काही सुटलं नाही.

"हौसेदादा, तो कागद लागला ना, मना बरा वाटला."

मी म्हटलं, "का? तू तर हसायचीस."

"हसू नाय त काय करू? तू कारखान्यान बहिरा झालास. त्याच्या आधी तू हौसेराव व्हतास. माझा नाव पालन्यानच लंगरी परला. आये पन तीच हाक मारते."

पाळण्यातच पडलेलं नाव. एवढं बोलून तिने पुन्हा पट्टी हातात घेतली.

माफी कशी मागतात, ते सुचलं नाही. धनाजीचा शब्द मला चालतो, म्हणून माझा शब्द तिला चालेल – हे मी कुठून काढलं? सहा वर्षं. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी. साहेबांच्या कागदाला मी तीन आठवडे नावं ठेवतोय, आणि तो कागद लागला म्हणून एका बाईला बरं वाटलंय.

५ फेब्रुवारी

"काय पुतळा, झाली का सुरुवात?" म्हटलं. जीभ अडखळली. तिने मान हलवली.

१८ फेब्रुवारी

प्रेस शॉपमधल्या जुन्या लोकांची कानांची तपासणी झाली. गिऱ्हाइकाने मागितली आहे म्हणे. आवारात एक गाडी आली होती, आत लहानशी बंद खोली. कानांवर यंत्र चढवायचं, आवाज आला की बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बराच वेळ बसलो. डॉक्टर बाई दोनदा दार उघडून बघून गेल्या, मला समजलंय ना म्हणून. समजलं होतं. आवाजच येत नव्हता.

बाराजणांची यादी होती. अकरा आले. धनाजी रजेवर, आईला बरं नाही म्हणून गावी गेलाय.

२० फेब्रुवारी

तपासणीचे कागद सहीसाठी आले. माझ्या कागदावर टाईप केलं होतं – 'वयोमानानुसार ऐकण्याच्या क्षमतेत स्वाभाविक फरक. कामास योग्य.'

माझं वय चव्वेचाळीस. माझे वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गावी ओसरीवर बसून रस्त्याने गेलेली बैलगाडी कुणाची, हे चाकाच्या आवाजावरून सांगतात.

आम्हाला एकेकाला वर्क्स मॅनेजरांच्या केबिनमध्ये बोलावलं. मी म्हटलं, "साहेब, बहिरा लिहा. आणि कशाने झालो तेही लिहा. सतरा वर्षं प्रेसवर आहे."

ते हसले. माणूस गोड आहे. अक्षर न् अक्षर दिसेल असं सावकाश म्हणाले, "हौसेराव, असे शब्द आता आपण वापरत नाही."

इंद्रजित साहेब बाजूला उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मी सही केली नाही. घाई नाही म्हणाले, विचार करून सांगा.

बसमध्ये उभ्याने विचार करत होतो. आमचं कोपरखैरणे मागे पडलं ते कळलंच नाही, वाशीहून परत यावं लागलं.

२२ फेब्रुवारी

माझ्या बायकोने, वेणूने, मला कधी बहिरा म्हटलं नाही, आणि दुसरंही काही नाही. तिला बोलायचं असलं की फरशीवर टाच आपटते. तळव्यांना कळतं, मी वळतो.

आज तिला कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "करा की सही. बहिरा लिवलं की घरी बसवत्याल. आपल्या ज्ञानेश्वरीची दहावी हाय पुढच्या म्हयन्यात."

"खोटं आहे ते."

"खोटं कुठं हाय? ऐकाया येत न्हाई तुमाला, आसंच लिवलंय की."

"कशाने येत नाही, ते खोटं आहे."

ती भाकरी थापत राहिली. मला वाटलं विषय संपला. मग टाच आपटली.

"तुमच्यानंतर त्या प्रेसवर कोन बसंल?"

"नवा कुणीतरी. वीस-बावीसचा. तसेच घेतात."

"त्याला सांगत्यात का, कान जातील म्हणून?"

"नाही."

तिने पिठाचे हात पुसले, कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. "मग नका करू."

२७ फेब्रुवारी

दहाजणांनी सह्या केल्या. मी कुणाला दोष देत नाही. प्रत्येकाच्या घरी काही ना काही आहे. राहिलो मी एकटा.

धनाजी गावाहून आलाय. आई बरी आहे म्हणाला. त्याला वाटतं मी उगाच ताणतोय. गेटजवळ अडवून म्हणाला, "कर की सही. कशाला तमाशा? तुला बहिरा म्हणून घ्यायची हौस हाय का? कागदावर एकदा आलं की ते पुसत न्हाई, हौसेराव. घरच्यांना चिकटतं, पोरीच्या लग्नात निघतं."

मी म्हटलं, "तूच म्हणायचास की."

त्याने तोंड फिरवलं आणि त्यानंतर काय बोलला, ते मला दिसलं नाही. धनाजी माझ्याशी बोलताना तोंड फिरवत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

१० मार्च

परदेशी पाहुणे येऊन गेले. दोन पुरुष, एक बाई. शॉपात शिरण्याआधी त्यांनी आपापल्या पिशवीतून केशरी रंगाच्या वाट्या काढून कानांवर चढवल्या. बाई माझ्या प्रेसजवळ थांबली. आधी स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग माझ्या. मी मान हलवली – नाही, काही नाही. वर्क्स मॅनेजर पुढे होऊन काहीतरी बोलले, आणि ते सगळे पुढे गेले. बाईने दारातून एकदा मागे बघितलं.

१२ मार्च

इंद्रजित साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. आता त्यांचे ओठ स्वच्छ दिसतात, जरा घाईत बोलतात एवढंच. टेबलावर एक टाईप केलेला कागद सरकवला.

'तपासलेल्या अकरा कामगारांपैकी सात बहिरे आहेत. त्यांपैकी चारजणांचे वय चाळिशीच्या आत आहे. कारण – प्रेस शॉपमधील आवाज. कानांच्या संरक्षणासाठी कोणतेही साधन दिले जात नाही.' खाली त्यांची सही. तारीख कालची.

"हा फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे गेला," ते म्हणाले. "पाहुण्यांनाही एक प्रत."

मी 'बहिरे' या शब्दावर बोट ठेवलं. "साहेब, बोर्डावर तर..."

"ती यादी माणसाला हाक मारण्यासाठी आहे. हा कागद हाक मारण्यासाठी नाही." मग म्हणाले, "मला 'श्रवणक्षमता मर्यादित' असं लिहायला सांगितलं होतं. तेही चाललं असतं कदाचित. पण कारण गाळा म्हणाले. अकराच्या अकरा सह्या असत्या तर मला काही लिहिताच आलं नसतं. तुमची नव्हती."

मी विचारलं, "तुमचं काय होईल?"

त्यांनी खांदे उडवले. लग्न व्हायचंय त्यांचं, असं ऐकलंय. म्हणजे वाचलंय, कुणाच्या तरी ओठांवर.

त्यांच्याबद्दल या वहीत मी काय काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. खोडलं नाही. तेव्हा तसंच वाटत होतं.

२० मार्च

इंद्रजित साहेबांची खुर्ची रिकामी. बोर्डावर चार ओळी – वैयक्तिक कारणास्तव कार्यमुक्त. काढून टाकलं, याला हा शब्द.

त्याच बोर्डावर त्यांची यादी अजून तशीच आहे. ती काढायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पुण्याचा पत्ता त्यांनी कॅन्टीनवाल्याकडे माझ्यासाठी ठेवला होता. पत्र लिहायला बसलो. 'साहेब' एवढं लिहून झालं.

१ एप्रिल

इन्स्पेक्टर दोनदा येऊन गेले. प्रेसखाली जाड रबर बसवायला सुरुवात झालीय, दोन जुन्या प्रेस बंद केल्यात. सगळ्यांना कानांत घालायचे पिवळे बोळे मिळाले. तरुण मंडळी घालत नाहीत, खिशात ठेवतात. मी शॉपात जाऊन एकेकाला माझा कान दाखवतो आणि बोळा दाखवतो. बोलत काही नाही. मग घालतात.

मला घरी बसवलं नाही. माझ्या कागदावर 'बहिरा, कारखान्यातील आवाजामुळे' असं आलं, आणि मला डिस्पॅचमध्ये पाठवलं. पगार तोच. वेणूने देवापुढे साखर ठेवली.

पण डिस्पॅच शांत आहे. लोक चलनांवर मान घालून एकमेकांशी बोलतात. हसतात, मी नंतर हसतो. हातांनी बोलणारं तिथे कुणी नाही. प्रेस शॉपात मी सतरा वर्षं बहिरा नव्हतो, आता दिवसभर असतो. हे मागताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुतळाचं टेबल शेजारी आहे, तेवढं बरं. ती लाकडावर दोन टिचक्या मारते, मी वर बघेपर्यंत थांबते आणि मग बोलते.

पुण्याला पत्र टाकलं. दीड पान झालं.

६ एप्रिल, रविवार

संध्याकाळी धनाजी आला, न सांगता. वेणू आणि ज्ञानेश्वरी बाजारात गेल्या होत्या. चहा टाकू का विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. परत विचारलं. तरी तसाच. मग मला समजलं.

"किती दिवस?" हातानेच विचारलं. त्याने चार बोटं दाखवली. वर्षं.

"मला ओठ वाचाया शिकव," म्हणाला. मी मान हलवली, शिकवतो. तो दाराकडे बघून आला, कुणी नाही याची खात्री केली, माझ्यासमोर बसला आणि अगदी सावकाश म्हणाला, "पन मला बहिरा म्हनू नगंस."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. परत म्हटलं.